सुट्टीला घरी येणारी मुले

(तरुण संघ व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ. वाचावयाचा भाग : लेवीय १३:१-८)

नाताळ जवळ आला की मंडळीतल्या घरोघरी एकच विचारणा सुरू होते : पोरे कधी येणार? पुण्याच्या होस्टेलातला मुलगा, बंगळूरला शिकणारी मुलगी, अलीकडे इंग्लंड-जर्मनीला गेलेली भाची. कोणाची परीक्षा कधी संपते, कोणाला कोणत्या गाडीचे तिकीट मिळाले, याची चर्चा करंज्यांचे सारण भाजता भाजता चालते. २०२० साली मात्र हीच विचारणा भीत भीत झाली. पोर यावे असे वाटे, आणि येताना सोबत काय घेऊन येईल या विचाराने पोटात गोळाही येई. त्या वर्षी जे घडले ते आता बहुतेक जण विसरू पाहत आहेत. विसरण्याआधी त्यातून काय शिकायचे ते आपण पाहू या, कारण साथी काही कायमच्या संपलेल्या नाहीत आणि होस्टेलेही भरलेलीच आहेत.

आपल्या देशातील करोनाची पहिली नोंदच मुळी सुट्टीला घरी आलेल्या विद्यार्थिनीची आहे, हे किती जणांच्या लक्षात असेल? ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील त्रिशूर येथे ती नोंद झाली. चीनमधील वुहान शहरात वैद्यकीय शिक्षण घेणारी ती मुलगी चिनी नववर्षाच्या सुमारास सुट्टीत घरी आली होती. पाठोपाठ अलप्पुळा आणि कासरगोड येथे दुसरा व तिसरा रुग्ण आढळला. तेही वुहानहून परतलेले विद्यार्थीच. त्रिशूरच्या त्या मुलीने आपण कोठून आलो हे आरोग्य खात्याला कळवलेले होते, आणि घसा दुखू लागताच तिने पुन्हा कळवले. तिघेही बरे झाले आणि त्यांच्यापासून पुढे साथ पसरली नाही. पुढे मार्चपासून जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण आरंभीच्या त्या तीन मुलांनी काही दडवले नाही, एवढे आपण मनात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होईल.

विद्यार्थ्यांचाच प्रश्न एवढा बिकट का व्हावा? तरुण बेशिस्त असतात म्हणून, असे उत्तर आपल्या पिढीच्या ओठांवर तयार असते. ते पुरते खरे नाही. होस्टेल ही वस्तूच अशी आहे की तेथे एकाचा श्वास दुसऱ्याला घ्यावा लागतो. एका खोलीत दोघे-तिघे, एक मेस, एक न्हाणीघर, हिवाळ्यात बंद केलेल्या खिडक्या. इंग्लंडातील वसतिगृहांत बहुधा एकेकाला वेगळी खोली असते, पण सहा, आठ, कधी बारा जणांत स्वयंपाकघर एकच. २०२० च्या सप्टेंबरअखेर तेथे सत्र सुरू झाले, मुले देशभरातून येऊन या खोल्यांत राहू लागली आणि पंधरवड्याच्या आत साथ भडकली. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांना दोन आठवडे खोल्यांतून बाहेर पडू नका असे सांगण्यात आले. २ ऑक्टोबरला न्यूकॅसलच्या नॉर्थंब्रिया विद्यापीठाने आपले ७७० विद्यार्थी बाधित असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी आजाराची लक्षणे किती जणांत होती? अवघ्या ७८ जणांत.

हे दोन आकडे तरुण संघाच्या सभेत फळ्यावर लिहावेत असे आहेत. दहांतील नऊ जणांना काही होत नव्हते. ते हसत होते, जेवत होते, अभ्यास करीत होते. आणि रोग बाळगून होते. करोनाची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला सामान्यतः पाच-सहा दिवस, क्वचित चौदा दिवसांपर्यंत लागत, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस तो इतरांना देऊ शके. तेव्हा “मला काही झालेले नाही” हे मुलाचे म्हणणे शंभर टक्के प्रामाणिक असूनही आजीच्या दृष्टीने निरुपयोगी होते. घरी येणाऱ्या धडधाकट मुलावर संशय घेण्याचा हा प्रश्न नव्हता. रोगाची चालच तशी होती. मुलाला धोका थोडा, आजीला फार. आणि दोघांच्या मध्ये एक दीर्घ मिठी.

इंग्लंडच्या सरकारपुढे त्या नोव्हेंबरात हाच पेच होता. लाखो विद्यार्थी नाताळासाठी एकदम घरी निघणार. ५ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत तेथे दुसरी टाळेबंदी होती. तेव्हा असे ठरले की टाळेबंदी संपताच ३ ते ९ डिसेंबर या आठवड्यात मुलांनी निघावे, विद्यापीठांनी दिवस वाटून द्यावेत आणि पुढचे वर्ग घरून घ्यावेत. निघण्यापूर्वी झटपट निकाल देणारी तपासणी दोनदा, तीन दिवसांच्या अंतराने करून घ्यावी असा सल्ला दिला. बाधित निघाला तर तेथेच दहा दिवस राहूनही नाताळाला घर गाठता येईल, असा हिशेब त्यामागे होता. आम्हांला ही योजना विचारपूर्वक केलेली वाटते. विशेषतः ते “दोनदा”.

एक तपासणी म्हणजे त्या घटकेचा फोटो. आज न दिसलेला विषाणू परवा दिसू शकतो. शिवाय झटपट तपासणी स्वस्त आणि सोयीची असली तरी तिच्या नजरेतून बरेच निसटते. लिव्हरपूल शहरात नोव्हेंबर २०२० मध्ये सरसकट तपासण्या झाल्या, तेव्हा पीसीआर तपासणीत बाधित ठरलेल्यांपैकी सुमारे निम्मेच या झटपट तपासणीत सापडले. म्हणून ‘निगेटिव्ह’ हा शब्द छापलेला कागद म्हणजे आजीच्या मांडीवर डोके ठेवण्याचा परवाना नव्हे. लेवीयाच्या वाचलेल्या भागात याजक काय करतो ते पाहा. डाग पाहून संशय आला तर सात दिवस निराळे ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा पाहतो, आणि तरीही खात्री नसेल तर आणखी सात दिवस थांबतो. तेथला रोग निराळा, काळ निराळा, आणि त्या नियमांचा हेतूही केवळ आरोग्याचा नव्हता. ओढूनताणून साम्य दाखवण्याची आमची इच्छा नाही. पण एकदा पाहून माणसावर कायमचा शिक्का मारायचा नाही, काही दिवस जाऊ देऊन पुन्हा पाहायचे, ही रीत तेथे आहे खरी.

एवढे करूनही त्या वर्षीचा नाताळ हातचा गेला. तीन घरांनी २३ ते २७ डिसेंबर एकत्र यावे अशी मुभा आधी जाहीर झाली होती. तेवढ्यात विषाणूचा अधिक वेगाने पसरणारा नवा प्रकार आढळला आणि १९ डिसेंबरला पंतप्रधान जॉन्सन यांनी लंडन व आग्नेय इंग्लंडपुरती ती मुभा काढून घेतली. उरलेल्या इंग्लंडात ती नाताळाच्या एका दिवसावर आली. आपल्या सरकारने २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनहून येणारी विमाने बंद केली, प्रथम वर्षअखेरपर्यंत आणि मग ७ जानेवारीपर्यंत. महाराष्ट्र शासनाने युरोप व मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना चौदा दिवस संस्थात्मक विलगीकरणात ठेवण्याचे ठरवले आणि शहरांत रात्री अकरापासून संचारबंदी लावली. कर्नाटकात तर रात्रीची संचारबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी मागेही घेतली गेली. बेळगावकरांना तो गोंधळ आठवत असेल. ज्यांची मुले तिकडे शिकत होती त्यांचे नाताळ टेलिफोनवर झाले. बॅगा भरलेल्या, तिकीट रद्द झालेले, आणि वसतिगृहातले बाकीचे सगळे आपापल्या घरी निघून गेलेले.

मागे राहिलेल्यांविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण सुरक्षिततेच्या चर्चेत त्यांची आठवण कोणाला होत नाही. रोग आवरायचा तर माणसांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते, हे कबूल. पण दूर ठेवण्याच्याही रीती असतात. दुसरी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी मँचेस्टर विद्यापीठाने फॅलोफील्ड येथील वसतिगृहांभोवती लोखंडी कुंपण उभे केले. मुलांना आधी काही सांगितलेले नव्हते. सकाळी उठून पाहतात तो चारी बाजूंनी कुंपण! त्याच संध्याकाळी त्यांनी ते पाडले, आणि विद्यापीठाच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. हेतू सुरक्षिततेचाच होता असे विद्यापीठ म्हणाले, आणि आम्हांला ते खोटे वाटत नाही. तरीही ज्यांच्या सुरक्षिततेसाठी कुंपण घालायचे त्यांच्याशी एक शब्द बोलू नये, ही गोष्ट कोणत्याही वसतिगृह अधीक्षकाने, आणि बापानेही, लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या नोव्हेंबरात तेथील सरकारी सांख्यिकी कार्यालयाने विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सत्र सुरू झाल्यापासून आपली मनःस्थिती बिघडली असे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. ताप मोजता येतो. खोलीत एकट्याने जेवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनाचे माप कोणी घ्यायचे? इंग्लंडातील पुष्कळांना पुढच्या सत्रातही परतता आले नाही. ४ जानेवारी २०२१ ला तिसरी टाळेबंदी जाहीर झाली आणि बाकी राहिलेल्या विद्यार्थ्यांना १७ मेनंतरच वर्गात बसता आले.

त्या दिवसांत आपल्याकडे न्यूटनचे उदाहरण फार फिरले. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडले, न्यूटन आपल्या खेड्यातील घरी गेला आणि तेथे त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर मूलगामी विचार केला. गोष्ट खरी आहे. पण चार भावंडांत एक मोबाइल आणि तोही गच्चीवर गेल्याशिवाय चालत नाही, अशा मुलाला ती ऐकवण्यात कोणता शहाणपणा होता? त्या वर्षी केंब्रिजहून इतरही अनेक विद्यार्थी घरी गेले असतील. त्यांनी काहीच शोध लावला नाही म्हणून त्यांना कोणी नावे ठेवत नाही.

त्याहून आपल्या उपयोगाचे उदाहरण विटेनबर्गचे आहे. ऑगस्ट १५२७ मध्ये तेथे प्लेग आला. सॅक्सनीच्या इलेक्टरच्या आज्ञेने विद्यापीठ येना गावी हलवण्यात आले. मार्टिन ल्यूथरलाही जाण्यास सांगितले होते, पण तो आणि बुगेनहागेन मागे राहिले; मागे उरलेल्या थोड्या विद्यार्थ्यांना ल्यूथर शिकवीत राहिला. त्याची पत्नी कॅथरीना गरोदर होती आणि घराचे जणू इस्पितळ झाले होते. ब्रेस्लाउ येथील पाळक योहान हेस यांनी विचारले होते की मरीपासून ख्रिस्ती माणसाने पळावे की नाही. त्याचे उत्तर ल्यूथरने एका उघड पत्रात दिले. ते पत्र आपल्याकडे बहुधा ‘ल्यूथर पळाला नाही’ एवढ्यापुरतेच सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याचे म्हणणे अधिक बारकाईचे आहे. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक, अधिकारी, शुश्रूषा करणारा, घरचा माणूस, त्याने बदली माणूस असल्याखेरीज सोडून जाऊ नये. इतरांनी जीव वाचवण्यासाठी जाण्यात पाप नाही. औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, आपली गरज नाही तेथे जाऊ नये. आणि जे औषधाला तुच्छ लेखून देवावर भरवसा असल्याची बढाई मारतात, किंवा आजार लपवून चारचौघांत मिसळतात, त्यांच्यावर त्याने कडक शब्दांत ठपका ठेवला आहे. विद्यार्थी येनाला गेले तेही बरोबर, आणि ल्यूथर राहिला तेही बरोबर.

आता आपल्या घरांकडे वळू.

आमच्या परिचयाच्या एका घरातला मुलगा डिसेंबर २०२० मध्ये पुण्याहून बेळगावला आला. येण्यापूर्वी तपासणी केली होती, कागद खिशात होता. तरी आल्या आल्या तो मागल्या दाराने सरळ माडीवर गेला आणि सात दिवस तेथेच राहिला. आजी जिन्याखाली उभी राहून म्हणाली, “अरे, माझा नातू आलाय आणि मी त्याचं तोंड खालनं बघू? मी काय परकी आहे?” तो वरून म्हणाला, “आजी, सातच दिवस. मग तुझ्या हातचंच खातो.” ताट जिन्यात ठेवले जाई. आजी दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडता निवडता त्याच्याशी गप्पा मारू लागली. शेवटी काय झाले? काहीच झाले नाही. त्याला ताप आला नाही, कोणाला लागण झाली नाही. नातेवाइकांनी पुढे वर्षभर त्याची थट्टा केली. हे आम्ही मुद्दाम लिहितो. खबरदारी घेऊन काही घडले नाही तर ती वाया गेली असे लोक म्हणतात. आणि ती उपयोगी पडली की नाही हे कळायला दुसरा मार्गही नसतो. ज्याला ही थट्टा सोसते तोच खबरदारी घेऊ शकतो.

दुसरी हकीकत सांगताना आम्हांला लाज वाटते. त्याच हंगामात मंडळीतली एक मुलगी होस्टेलवरून आली आणि चार दिवसांनी तिला कळले की तिच्या खोलीतली मैत्रीण बाधित निघाली आहे. तिने त्याच संध्याकाळी आम्हांला, म्हणजे तरुण संघाच्या कार्यकर्त्यांना, फोन करून सांगितले. आदल्या दिवशी गायनाच्या सरावाला ती येऊन गेली होती. तिने जे करायला हवे तेच केले. आणि आपण काय केले? दोन दिवसांत तिच्या घराचे नाव सगळीकडे झाले. दूधवाल्याने दाराशी येणे सोडले. “कशाला फिरायला गेली होती?” असे बायका फोनवर तिच्या आईला विचारू लागल्या. सरावाला आलेल्यांपैकी कोणालाही पुढे काही झाले नाही; तरी पुढच्या वर्षी गाणी म्हणत घरोघर जाताना त्या घराची पाळी आली तेव्हा मंडळी कुजबुजली, आणि आम्ही कार्यकर्ते गप्प राहिलो. परिणाम? २०२१ च्या डिसेंबरात परत आलेल्या मुलांना आम्ही विचारले, “कोणाच्या होस्टेलात काही आजार?” तेव्हा सगळ्यांचे उत्तर एक : “काही नाही, अंकल.” आणि महिनाच आधी धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात स्वागत समारंभानंतर अडीचशेहून अधिक जण बाधित निघाल्याचे सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते, बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले असताना! आमच्या मुलांना खरेच काही ठाऊक नव्हते, की सांगणाऱ्याचे काय होते हे ठाऊक होते?

त्रिशूरच्या विद्यार्थिनीने सांगितले म्हणून तिचे घर आणि गाव वाचले. सांगणे एवढे मोलाचे असेल तर सांगणाऱ्याला आपल्या दारी किंमत मोजावी लागू नये, याची व्यवस्था मुलांनी नाही, मोठ्यांनी करायची आहे.

आज परिस्थिती २०२० ची नाही. लशी आल्या, बहुतेकांना रोग होऊन गेला, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. प्रत्येक सर्दीला माडीवर सात दिवस पाठवण्याचे कारण नाही. पण विषाणू गेलेला नाही; शिवाय फ्लू आहे, गोवर आहे, आणि होस्टेलच्या पाण्यातून येणारी कावीळ तर आपल्याकडे जुनीच आहे. म्हणून घरी निघणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे थोडकेच आहे. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात निरोपाची मेजवानी बंद खोलीत न करता गच्चीवर किंवा मैदानावर करा. उघड्या हवेत श्वासातून पसरणारा रोग विरून जातो, खोलीत साचतो. खोकला-ताप असेल तर तिकीट दोन दिवस पुढे ढकला, पैसे गेले तरी जाऊ द्या. गाडीत मास्क लावण्याची लाज बाळगू नका. घरी वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारे कोणी असेल तर पहिले काही दिवस खिडकीच्या खोलीत झोपा, गप्पा अंगणात मारा. पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल तर उकळून प्या, होस्टेलातही. आणि होस्टेलात कोणी आजारी असेल तर घरी आधीच सांगा. पालकांनी त्यावर पहिला प्रश्न “तू कुठे गेला होतास?” असा न करता “तुला आता कसं वाटतंय?” असा करावा. सणाला न येण्याचा निर्णय मुलाने घेतला, तर तो प्रेम कमी झाल्यामुळे नव्हे हे आजीला समजावण्याचे काम मात्र आईबापांचे.

जे येऊ शकत नाहीत त्यांचे नाव तरुण संघाच्या चिटणीसाने नाताळाच्या आधी लिहून ठेवावे. २०२० च्या नाताळात महाराष्ट्रात उपासनेला ५० पेक्षा अधिक लोक नकोत आणि मध्यरात्रीची उपासना संध्याकाळीच आटोपावी अशी सूचना होती, तेव्हा कित्येक मंडळ्यांनी उपासना फोनवरून ऐकवली. ती सोय आता बहुतेक ठिकाणी बंद पडली आहे. परदेशातल्या एखाद्या वसतिगृहात एकट्या राहिलेल्या मुलासाठी ती एका सायंकाळपुरती पुन्हा सुरू करायला कितीसा खर्च येतो?

सभेत चर्चेसाठी हे घ्यावे : ७७० आणि ७८ या आकड्यांवरून “मला काही होत नाही” या वाक्याविषयी काय कळते? ल्यूथरच्या मते कोण जाऊ शकतो आणि कोणी राहावे. आपल्या घरात या दोन्ही जागी आज कोण आहे? कुंपणाच्या प्रसंगात विद्यापीठाने आदल्या दिवशी काय करायला हवे होते? आणि ज्या घरी आपण गाणी म्हणायला गेलो नाही, त्या घरी या वर्षी कोण कोण जाणार, त्यांची नावे सभा संपण्यापूर्वी लिहून घ्यावीत. आमचे नाव पहिले लिहावे.